थांबायची शीळ

ओमारामा,
२ जून १९७१

इझोबेल वहिनींस,

मर्डोचा नमस्कार पोहोचावा. आज सकाळच्या बसने टॅम नावाचा माझा कुत्रा आपणांकडे हॅम्पडनास पाठविला आहे. चालकास सूचना दिली आहे व त्याच्या भाड्याची व्यवस्था केली आहे. कुत्र्याचे वय पाच वर्षे, रंग काळा, छातीवर पांढरा. मेंढ्यांना पुढून वळसा घालून न भुंकता नुसत्या नजरेने कळप वळविणाऱ्या जातीचा आहे. माझा पाय आता डोंगरास कुरकुरतो, म्हणून त्यास काम उरले नाही. लॅकलनदादास जाऊन दोन वर्षे होत आली. समुद्रकाठी आपण एकट्याने राहावे हे मला पहिल्यापासून पसंत नाही. उभयतांस सोबत होईल.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्यास दोरी लावू नये. दोरी बकरीस शोभते. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास मोकळे फिरवावे, व त्याने आपल्या डाव्या टाचेमागून चालावे. 'बस', 'मागे' आणि सर्व सोडून परत बोलावण्यास 'वेलेगो' एवढे तीन शब्द पुरतात. हुकूम एकदाच द्यावा. दुसऱ्यांदा दिला की तो हुकूम राहत नाही, विनवणी होते. पाच वर्षांत या कुत्र्याने माझा एकही हुकूम मोडलेला नाही.

आपला दीर,
मर्डो गेडीज

हॅम्पडन,
१५ जून

मर्डो भावोजी,

तुमचा कुत्रा पोहोचला. तुमचं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी पोहोचलं. मधले दोन दिवस एक काळं जनावर माझ्या स्वयंपाकघराच्या दारात बसून माझ्याकडे एकटक बघत होतं आणि मी त्याला मटण घालत होते. घालू नको तर काय करू? चालक नुसता म्हणाला, "बाई, हे तुमचं," आणि बस घेऊन गेला.

मी सोबत मागितली होती का? मला आठवत नाही.

असो. तुमचं पत्र वाचून मी त्याला मोकळा फिरवला. टाचेमागून चालतो, खरं आहे. अगदी सावलीसारखा. समोर एक माणूस आला तर काही नाही, दोन आले तरी काही नाही. पण तिसरं कुणी दिसलं की याच्या डोक्यात काय होतं ते देव जाणे. परवा रविवारी चर्च सुटलं. महिला मंडळाच्या आठ जणी करड्या लोकरी कोटांत पायऱ्या उतरत होत्या. मी 'मागे' म्हणायच्या आत हा पोट जमिनीला घासत लांबून वळसा घालून गेला, आणि दोन मिनिटांत आठही जणी कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या. मॅगी पेटिग्रू बाजूने निसटायला गेली, तर याने फक्त मान वळवून तिच्याकडे पाहिलं. परत जाऊन उभी राहिली बिचारी.

"इझोबेल, तुझ्या कुत्र्याला सांग, मला घरी जायचंय! भट्टीत मटण आहे!"

"तूच सांगून बघ, मॅगी. माझं तो ऐकत नाही."

"अगं मग कुणाचं ऐकतो?"

मी 'बस' म्हटलं, 'वेलेगो' म्हटलं. शेवटी किंचाळले. अख्खं गाव बघत होतं. पाद्रीबाबा हसू लपवायला आत गेले. शेवटी मी जाऊन त्याला मानेला धरून ओढला, तेव्हा त्या सुटल्या. हुकूम एकदाच द्यावा म्हणता? मी एकवीस वेळा दिला.

उलट टपाली उत्तर द्या.
इझोबेल

ओमारामा,
२४ जून

वहिनींस,

पत्र पावले. वाचून खेद झाला, परंतु आश्चर्य वाटले नाही. किंचाळणे हा हुकूम नव्हे. कुत्रा शब्द ऐकत नाही, शब्दामागचा निश्चय ऐकतो. आपण 'बस' म्हणताना मनात 'बसशील का रे बाबा' म्हणत असाल, ते त्यास ऐकू जाते. आवाज खालचा व सपाट असावा, आणि कंबर ताठ.

मानेस धरून ओढणे ही मोठी चूक झाली. काम करीत असलेल्या कुत्र्यास कोणीही हात लावीत नाही. आठ बायका एकत्र ठेवण्यात त्याने काही गैर केले असेही मला वाटत नाही. एकही जखमी झाली नाही, एकही हरवली नाही. कित्येक मेंढपाळांस आठ मेंढ्या इतक्या नीट गोळा करता येत नाहीत.

मटण रोज घालू नये. आठवड्यातून दोन वेळा, तेही हाडासह.

मर्डो गेडीज

हॅम्पडन,
११ जुलै

भावोजी,

कंबर ताठ केली. आवाज सपाट केला. इतका सपाट की टपालवाल्याने विचारलं, "काकू, बरं नाही का?" टॅमने मात्र कान सुद्धा हलवला नाही.

आता हसण्यावारी नेऊ नका, नीट वाचा. गुरुवारी आम्ही वाळूवरून परत येत होतो. मागच्या टेकडीवर अलेक टलॉकच्या गाभण मेंढ्या चरत होत्या. टॅमने त्या पाहिल्या. मी 'मागे' म्हणेपर्यंत तो कुंपणाच्या तारेखालून पार. सत्तर मेंढ्या, पोटं जमिनीला टेकलेली, आणि याने त्या टेकडीभर फिरवून खाली ओढ्याच्या काठाशी आणून उभ्या केल्या. काम सुंदर केलं असेल, मला कळत नाही. टलॉक घरातून बंदूक घेऊन आला.

"इझोबेल, लॅकलन माझा मित्र होता म्हणून आज सोडतो. पण पंचवीस ऑगस्टपासून माझ्या मेंढ्या वीत असतील. तेव्हा हा कुत्रा माझ्या तारेच्या आत दिसला तर विचारायला येणार नाही. कायदा माझ्या बाजूने आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग त्याला थांबवायला शीक. नाहीतर परत पाठव."

तो बोलला ते बरोबर बोलला. एवढ्या धावपळीने कुठलीही मेंढी गर्भ टाकेल.

रात्रभर मला झोप आली नाही. आणि पहाटे एक गोष्ट आठवली. चाळीस वर्षं मी लॅकलनचं काम बघितलं. तो कुत्र्यांशी कधी शब्दाने बोलायचाच नाही! शीळ घालायचा. डोंगराच्या पार टोकावर कुत्रा ठिपक्याएवढा दिसायचा आणि हा शीळ घालून त्याला डावीकडे, उजवीकडे फिरवायचा. मग टॅमला तुम्ही शब्दावर वाढवलंत, हे मी कसं मानू? तो माझ्याकडे बघत बसतो ना, ती नजर आता कळली मला. तो वाट बघतोय.

मला ती शीळ ऐकवा. मी लहानपणी दोन बोटं तोंडात घालून सगळ्या मुलग्यांपेक्षा मोठी शीळ घालायचे. आईने चमच्याने बोटं फोडली, पण विसरले नाही. रविवारी संध्याकाळी सहाला मी फोन लावते. तुम्ही फोनमध्ये शीळ घाला, मी शिकते.

इझोबेल

ओमारामा,
१९ जुलै

वहिनींस,

रविवारी आपला फोन आला त्या वेळी मी लाकडे फोडण्यास गेलो होतो, सबब घेता आला नाही. शेजारच्या बाईने सांगितले की घंटा पुष्कळ वेळ वाजत होती.

आपली सूचना विचारपूर्वक वाचली. ती शक्य नाही. आमच्या तारेवर सात घरे आहेत. एका घराची घंटा वाजली की सातही घरी फोन कानास लागतो. मी शीळ घातली तर खोऱ्यातील निम्मे कुत्रे ताटे सोडून उभे राहतील, व उरलेल्या आयुष्यात मला तोंड दाखविता येणार नाही. शिवाय शीळ ही ज्याची त्याची असते. ती तारेतून जात नाही आणि कागदावर उतरत नाही.

शब्दावरच भर द्यावा. धीर धरावा. मेंढ्या वीत असतील त्या काळापुरते फिरणे समुद्राच्या बाजूस न्यावे.

मर्डो गेडीज

हॅम्पडन,
६ ऑगस्ट

मर्डो भावोजी,

लाकडं फोडायला गेला होतात. रविवारी. काळोखात. बरं.

आज तुमच्याबरोबर काम करणारा डूगल फी लोकर कातरायच्या कामासाठी इकडे आला होता, चहाला थांबला. दारात टॅम बसलेला. चहाबरोबर खायला दिलेली स्कोन डूगलच्या हातातून खाली पडली.

"काकू, हा कुत्रा मेलाय."

"मेलेला बरा खातो मग. तुझी स्कोन बघ."

"अहो, मी स्वतः गोळीचा आवाज ऐकला! मे महिन्यात. डार्क बर्नच्या कड्यावरून याने सदतीस मेंढ्या खाली घातल्या. सदतीस! मर्डोच्या हुकमाला भीक घातली नाही याने. मालक प्रेंटिस साहेब म्हणाले, गोळी घाल. मर्डोबा बंदूक घेऊन छपरामागे गेला, आम्ही सगळे टोप्या काढून उभे होतो."

भावोजी, हे काय आहे?

'पाच वर्षांत एकही हुकूम मोडला नाही.' तुमचं अक्षर आहे, मी पत्र काढून पाहिलं. सदतीस मेंढ्या मारलेला कुत्रा तुम्ही मला सोबत म्हणून पाठवलात, मोकळा सोडा म्हणालात, आणि वर माझ्या कमरेला दोष दिलात! मी काय मूर्ख आहे? लॅकलनच्या अंत्यविधीला आलात आणि चहा न घेता गेलात, तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझ्याबद्दल तुम्हाला काय वाटतं.

गेले तीन आठवडे तो दोरीने बांधलेला आहे. तीन दोऱ्या चावून तोडल्या. रात्री रडतो. मोकळा सोडू शकत नाही, बांधून ठेवू शकत नाही. पंचवीसला टलॉकच्या मेंढ्या विणार. मी ओमारूच्या जनावरांच्या डॉक्टरांना चोवीस तारखेला बोलावलंय. ते सुई घेऊन येतील. टलॉकच्या गोळीपेक्षा ते बरं.

तुमच्याकडे काही सांगण्यासारखं असेल तर त्याआधी सांगा. आणि कंबर ताठ करून सांगा.

इझोबेल

ओमारामा,
१३ ऑगस्ट

वहिनी,

हे पत्र चौथ्यांदा लिहीत आहे. आधीची तीन चुलीत गेली. माझे शिक्षण चार इयत्तांचे. परंतु जे लिहिले ते शुद्ध व खरे असावे असा माझा आग्रह राहिला आहे. या वर्षी तो मोडला. आपणांस लिहिलेल्या पत्रांत जे आहे ते खरे आहे, पण जे नाही ते त्याहून मोठे आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करताना माझ्या तोंडाची डावी बाजू खाली उतरली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. हात चालतो, पाय चालतो, जेवण होते. कोणास कळलेही नाही. मी दाढी वाढविली. परंतु ओठ मिटत नाही, आणि त्या फटीतून वारा जातो. वहिनी, माझी शीळ गेली. पत्र्याची शिट्टीही वाजत नाही, तिलाही ओठ लागतात.

तेव्हाच प्रेंटिस साहेबांस सांगावयास हवे होते. साठ वर्षे मी डोंगराच्या सर्वांत वरच्या वाटेवर चाललो आहे. ती वाट तरुणांस देऊन खाली मुदपाकात बटाटे सोलण्यास बसणे मला झाले नाही. मला वाटले, टॅम हुशार आहे, हातवाऱ्यांवर निभेल.

मे महिन्यात हिवाळ्याचे बर्फ पडण्यापूर्वी मेंढ्या खाली आणताना कड्याच्या वर धुके आले. टॅमने कळप बरोबर आणला. काठापासून चाळीस पावलांवर मी त्यास थांबविणे होते. मी शीळ घातली, नुसती वाफ निघाली. ओरडलो, वारा उलटा होता. तेव्हा टॅमने मागे वळून माझ्याकडे पाहिले. असा कुत्रा मेंढ्यांवरची नजर कधी काढीत नाही. त्याने काढली. त्याने विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. हुकूम बदलला नाही म्हणून तो पुढे गेला.

प्रेंटिस साहेबांनी विचारले, "मर्डो, काय झालं?"

मी म्हणालो, "कुत्र्याने ऐकले नाही."

एवढेच तीन शब्द. साहेब म्हणाले, "मग काय करायचं ते तुला सांगायला नको." कळप कड्यावरून घालणाऱ्या कुत्र्याचे काय करतात हा आमचा जुना नियम आहे, मी स्वतः तो दुसऱ्यांस ऐकविला आहे. मी छपरामागे गेलो व गोळी डबक्यात मारली. टॅम जागचा हलला नाही, कारण मी त्यास 'बस' म्हणालो होतो. हो, जवळून, शांतपणे, माझ्या तोंडचा तो शब्द त्यास कळतो. सहा दिवस सरपणाच्या खोलीत ठेवला व आपणांकडे पाठविला. आपणांस शब्दांवर भर देण्यास सांगत राहिलो, कारण शिळेचे नाव काढले असते तर आपण ती ऐकवा म्हणाला असता. म्हणालातच. त्या रविवारी मी फोनसमोर बसलो होतो. घंटा मोजली. एकोणीस वेळा वाजली.

दादाच्या दिवशी चहा घेतला नाही, कारण मला रडू येत होते व ते मी कोणासमोर करीत नाही. यात आपला काही संबंध नव्हता.

आता कामाचे. आम्ही भाऊ समोरासमोरच्या डोंगरांवर काम करीत असू. एकाची शीळ दुसऱ्याच्या कुत्र्याने ऐकली तर घोटाळा, म्हणून वडिलांनी आमच्या शिळा मुद्दाम वेगळ्या ठेविल्या. त्याची डावी ती माझी उजवी. परंतु एक शीळ दोघांची सारखीच होती, थांबायची. कोणाचाही कुत्रा संकटात दिसला तर कोणीही थांबवावा म्हणून. ती आपणांस मी शिकवावी लागणार नाही. संध्याकाळी दादा घराजवळच्या शेवटच्या फाटकाशी कुत्रे थांबवून फाटक उघडी, ती शीळ. ती ऐकून आपण चुलीवर किटली ठेवीत असा. तो मला सांगे, "एका शिळेत कुत्रे बसतात आणि इझोबेल उठते."

ती घाला. सुईवाल्यास परत पाठवावे ही विनंती. हे मी दुसऱ्यांदा म्हणतो असे समजावे.

मर्डो

हॅम्पडन,
२७ ऑगस्ट

भावोजी,

तुमचं पत्र सोळाला मिळालं. सुईवाल्याला नको म्हणून कळवलं. पण शीळ घालू शकले नाही. रोज वाळूवर जायचे, दोन बोटं तोंडाला लावायचे आणि खाली घ्यायचे. तो आवाज लॅकलनचा. माझ्या तोंडून निघाला आणि चुकला तर? आणि बरोबर निघाला तर? टॅम समोर बसून बघत राहायचा. नऊ दिवस असे गेले. मूर्खपणा, दुसरं काय.

परवा, पंचवीसलाच, वाऱ्याने मागचं फाटक उखडलं. दोरीचं तुटकं टोक दिसलं आणि मी चपलांवरच टेकडीकडे पळाले. टॅम तारेच्या आत. मेंढ्या, पायांशी लडखडणारी कोकरं, सगळं खाली ओढ्याच्या कडेला सरकत होतं, आणि ओढा भरून वाहत होता. वरून टलॉक येत होता. बंदूक खांद्याला लावलेली.

"इझोबेल, बाजूला हो!"

"थांब, अलेक!"

"किती थांबू? बाजूला हो म्हणतो!"

मी बोटं तोंडात घातली आणि घातली शीळ. लांब, मग खाली पडणारी. तीच. जशीच्या तशी.

टॅम धुतलेलं फडकं पडावं तसा जमिनीवर पडला. जिथे होता तिथे. मेंढ्या थांबल्या. एक कोकरू तर जाऊन त्याच्या नाकाचा वास घेऊन आलं, तरी हलला नाही. टलॉकने बंदूक खाली केली.

मग म्हणाला, "अगं बाई, हे आधी का नाही केलंस?"

पण मी तिथे नव्हतेच, भावोजी. मी वळून घराकडे निघाले होते. वीसेक पावलं गेले आणि मग लक्षात आलं की मी किटली ठेवायला चालले आहे.

तिथेच गवतात बसले. टॅम तिकडे पडलेला, मी इकडे. दोघंही लॅकलनचीच वाट बघत होतो, असं म्हणा हवं तर.

टलॉक आता विचारतोय की पुढच्या महिन्यात मेंढ्या हलवायच्या आहेत, कुत्रा रिकामा आहे का! मी म्हटलं, थांबायला येतं आम्हाला, डावं-उजवं येत नाही. ती शीळ तुमची आहे, तुम्हालाच ठाऊक. घालता येत नसली तरी मी घातलेली चूक की बरोबर, ते कानाला कळेल ना? कान तर ठीक आहेत?

इझोबेल

ओमारामा,
१ सप्टेंबर

वहिनी,

पत्र पावले. 'धुतलेलं फडकं' ही ओळ मी एकापेक्षा अधिक वेळा वाचली.

तथापि एक मोठी चूक नमूद करणे भाग आहे. थांबविलेल्या कुत्र्याकडे पाठ करून जाऊ नये. वीस पावले फार झाली. एकही पाऊल जाऊ नये. तसेच मेंढ्या वीत असताना चपलांवर शेतात जाणे गैर.

काल प्रेंटिस साहेबांकडे गेलो व जे घडले ते टोपी हातात धरून सांगितले. ते म्हणाले, "मर्डो, आधी सांगितलं असतंस तर सदतीस मेंढ्या वाचल्या असत्या." मी म्हणालो, "होय." कातरणीच्या छपरात कामगार बसले होते, त्यांस बोलावून कुत्र्याचा दोष नव्हता हे त्यांच्यासमोर पुन्हा सांगितले. डूगल उठून उभा राहिला. वरची वाट सोडली आहे.

कान ठीक आहेत.

शुक्रवारच्या बसने येत आहे. डावे-उजवे शिकण्यास चार दिवस पुरावेत. आपण बोटांनी घालता त्यात पहिला सूर लांबत असेल, तो आखूड करावा लागेल. टॅमला मी येतो हे आधी सांगू नये, उगाच उतावळा होतो.

फाटकाशी येईन तेव्हा शीळ ऐकू येणार नाही. तरी किटली ठेवावी.

मर्डो